वीस गुंठे माळ

समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर घर घ्यायला निघालेल्या माझं घोडं अडलं ते गेवराई तालुक्यातल्या एका माळावर. कोकणातल्या घराचा आणि आमच्या बीडकडच्या माळाचा संबंध काय, असं कुणीही विचारील. मीही वकिलांना विचारलं होतं, आणि तेही जरा वरच्या पट्टीत.

"तुम्ही शेतकरी आहात ना?" वकिलांनी फाइल चाळता चाळता सहज विचारलं.

मला हसू आलं. "अहो, मी चकलांब्याकडची. आमच्या भागात शेतकरी नसलेला माणूस शोधून दाखवा."

"म्हणजे तुमच्या नावावर सातबारा आहे."

"वडिलांच्या नावावर होता."

"आणि आता?"

"आता भावाच्या नावावर आहे."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग बाई, तुम्ही शेतकरी नाही."

सात वर्षांची असल्यापासून मी कापूस वेचलाय. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या, त्या शाळेत पाटीवर लिहिताना झोंबायच्या. आणि हा पांढऱ्या शर्टातला माणूस मला सांगत होता की मी शेतकरी नाही. मी तडकून उठणार होते, पण शेजारी बसलेल्या नवऱ्यानं माझा पदर खाली धरून ठेवला होता. त्याला माझा स्वभाव माहीत आहे.

वकिलांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही जे घर घेणार होतो ते अकरा गुंठ्यांच्या बागेत उभं होतं आणि ती बाग सरकारी कागदावर शेतजमीन होती. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेतकरी म्हणजे काय, तर ज्याच्या नावावर आधीपासून कुठे तरी शेत आहे तो. माझ्या नवऱ्याकडून काही आशा नव्हती. सासऱ्यांचं बीडच्या बसस्टँडमागे मोटार दुरुस्तीचं गॅरेज, त्यांच्या घराण्यात कुणाच्या नावावर कुंडीभर मातीसुद्धा नव्हती. राहिले मी.

"माहेरचा सातबारा आणा," वकील म्हणाले. "त्यावर तुमचं नाव पाहिजे, मग तो केवढाही तुकडा असो."

मी पंधरा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले ती थेट या समुद्रकाठच्या तालुक्यात. मराठवाड्यातल्या मास्तर-बाया इथे पुष्कळ आहेत. आम्ही सगळे दर वर्षी बदलीचे अर्ज भरतो आणि दर वर्षी यादीत आपलं नाव शोधून गप्प बसतो. तोवर भाड्याच्या खोल्या. मी सहा खोल्या बदलल्या. 'घाटावरची माणसं, आज ना उद्या जाणार' म्हणून एकही घरमालक भिंतीत खिळा मारू देईना. एका घरमालकिणीनं तर मुलीच्या वाढदिवसाला लावलेल्या फुग्यांच्या चिकटपट्टीवरून महिनाभर तोंड वाकडं केलं. मग एका वर्षी मी अर्ज भरलाच नाही. पुढच्या वर्षीही नाही. मुलगी इथलीच बोली बोलायला लागली होती. नवरा पंखे, फ्रिज, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. खाऱ्या हवेत सगळंच लवकर गंजतं, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर मे महिन्यात गावी गेले की मलाच आठ दिवसांत इकडची ओढ लागायची. माहेरी हे बोलायची सोय नव्हती.

घर एका निवृत्त पोस्टमनचं होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे चार माड, दोन रातांबे आणि विहीर. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या वाटेनं शाळेत यायची, म्हणून घर माझ्या ओळखीचं होतं. पोस्टमनची मुलं मुंबईत, त्यांना इथे यायचं नव्हतं. पैशांचं आमचं कसंबसं जमलं होतं. पण पुण्याचा एक माणूस दोनदा येऊन जागा मोजून गेला होता.

"त्याला घर नकोय, जागा हवीय," पोस्टमन मला म्हणाले. "तो आल्या आल्या पाडील. मला तुम्हांला द्यायचंय, बाई. पण मुलगा थांबायचा नाही. शाळा उघडायच्या आत काय तो कागद करा. नाही तर मला बोल लावू नका."

म्हणजे हातात उन्हाळ्याची सुट्टी होती, तेवढीच.

माझं नाव सातबाऱ्यावर का नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटते. ते कुणी काढलं नव्हतं. मीच काढून दिलं होतं. आमच्याकडे वडील गेले की वर्षभरात भाऊ बहिणीला फोन करतो, 'नाव कमी करायला ये.' हक्क सोडायला ये असं कुणी म्हणत नाही. बहीण येते, तालुक्याला जाते, दाखवतील तिथे सही करते. भाऊ साडी घेतो, हॉटेलात जिलबी खाऊ घालतो, आणि गावात आल्यावर चार बाया म्हणतात, 'बहीण असावी तर अशी.' आठ वर्षांपूर्वी मीही गेले होते. वाचल्याशिवाय कशावर सही करू नये, असं दर वर्षी चौथीच्या पोरांना शिकवणारी मी, तीन पानांच्या कागदावर गप्पा मारत मारत सह्या केल्या. दस्त लिहिणाऱ्यानं 'एकदा वाचा मॅडम' म्हटलं, तर मी त्यालाच म्हणाले, "माझा भाऊ हाय, वाचायचं काय त्यात?" साडी मोरपंखी रंगाची होती. मायनंही त्याच दिवशी अंगठा दिला. तिला कुणी साडी घेतली नाही.

सुट्टी लागली त्याच दिवशी मी एसटीत बसले. नवऱ्याला नेलं नाही. जावई बरोबर आला की गोष्ट वेगळ्या वळणावर जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा भाऊ जेवायला बसला होता. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. भावजय चुलीपुढे भाकरी थापत होती, माय दारात पाय पसरून शेंगा फोडत होती. रस्ताभर मी बोलण्याची तयारी केली होती. आधी इकडचं तिकडचं, मग घराचं, मग हळूच नावाचं. पण माझ्या जिभेला दम धरवत नाही. हातपाय धुतले आणि बोलूनच टाकलं.

भाऊ घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "तिकडं घर? बदली होईल की तुझी."

"बदलीचा अर्ज नाही भरला."

"कावून?"

"नाही भरला. मला तिथंच राहायचंय." हे मी माहेरच्या घरात पहिल्यांदाच बोलले. मायचे शेंगांवरचे हात थांबले. "त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागतंय. नुसतं नाव. घराचा कागद झाला की महिन्याभरात परत तुझ्या नावावर करून देते."

भाकरी थापायचा आवाज बंद झाला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी भावजयीनं ती उलटली नाही.

"बघू," भाऊ म्हणाला. "इचार करून सांगतो." आणि ताटात पाणी ओतून उठला. अर्धी भाकरी तशीच राहिली होती.

त्याला भीती कशाची होती ते मला कळत होतं. आमच्या शिवेला लागून ज्यांचं रान आहे, त्यांच्या बहिणीनं असंच नाव लावून घेतलं होतं, आणि पुढे वाटणीचा दावा लावला. तेव्हापासून त्या रानात नांगर गेलेला नाही. बांधावर उभं राहिलं की त्यातली बाभळीची झुडपं दिसतात. माझा भाऊ रोज ती बघत होता. हे सगळं कळत असूनही मला त्याचा राग आला. मी ती बाई नव्हते. मी त्याची आक्का होते, त्याला कडेवर घेऊन बाजार दाखवलेली.

एक दिवस गेला, दोन गेले. भाऊ सकाळी लवकर निघून जायचा आणि आल्यावर माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचा. भावजय मला आधी 'आक्का, आक्का' करायची, ती आता नुसतं 'अहो' वर आली. माझ्या ताटात भाजी वाढताना ती माझ्याकडे बघायची नाही. तिसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गिरणीवर गेले, तर रांगेतल्या एका बाईनं अगदी गोड आवाजात विचारलं, "हिस्सा मागायला आल्यात म्हनं?"

"कोण म्हणलं?"

"न्हाई, आपलं कानावर आलं."

"मग तो कान धुऊन घ्या," मी म्हणाले आणि दळण तिथेच टाकून निघाले. अर्ध्या वाटेत आठवलं की पीठ तर न्यावं लागणार. परत जाऊन त्याच बाईच्या मागे उभी राहिले.

त्याच दुपारी पोस्टमनचा फोन आला. मुलगा मुंबईहून आला होता, पुण्याचा माणूसही येणार होता. "काय झालं, बाई? मी त्याला काय सांगू?"

"सांगा, कागद होतोय," मी ठोकून दिलं.

चौथ्या दिवशी मी भावाचा डबा घेऊन रानात गेले. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, तो बांधावरचे दगड नीट लावत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून मी आवाज खाली ठेवायची तसदी घेतली नाही.

"तुला काय वाटतं, मी तुझं रान लुटायला आले?"

"मी कुठं तसं म्हनलो?"

"मग चार दिवस तोंडाला कुलूप कावून? नाही द्यायचं तर नाही म्हण. मी आजची एसटी धरते."

त्यानं हातातला दगड जागेवर बसवला, पायानं दाबून बघितला. "आक्का, तू शिकलेली. तुला कागद कळत्यात. मला येवढंच कळतं, नाव लावायला एक दिस लागतो. काढायला समोरच्याची मर्जी लागती."

"माझं काढलंस तेव्हा विचारली होतीस माझी मर्जी?"

हे मी बोलून गेले आणि मलाच दचकायला झालं. आठ वर्षांत हे वाक्य माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

भाऊ माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा रागाचा नव्हता, गोंधळलेला होता. "तू हसत सह्या केल्या, आक्का. जिलबी दोनदा मागून खाल्ली. मी कसं वळखायचं?"

तो खरं तेच बोलत होता. मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. तो जेवला, मी बसून राहिले. शेवटी पाणी पिऊन त्यानं हातानं पलीकडे दाखवलं. "तिकडला माळ देतो. ईस गुंठे. त्याच्या खाली तुकडा व्हत न्हाई म्हनत्यात. पन आक्का, परत कर."

"करते."

"शबुद?"

"शब्द."

त्या क्षणी मी मनापासून बोलले होते. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवावं, एवढीच विनंती.

दोन दिवसांनी आम्ही गेवराईला गेलो. दस्त लिहिणारा कुणी दुसरा होता, वयानं मोठा, या कामात मुरलेला. बक्षीसपत्र लिहून झाल्यावर त्यानं भावाला जरा बाजूला घेतलं, पण खोलीच एवढीशी की मला सगळं ऐकू आलं.

"पावनं, उलटा कागद बी आत्ताच करून ठिवा. तारीख मोकळी सोडायची, बहिनीची सही घ्यायची. लोक तसंच करत्यात. पुढं डोक्याला ताप न्हाई."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी ठरवलं, भावानं मान डोलावली की उठायचं. घर गेलं खड्ड्यात. मी पर्स खांद्याला लावली. टेबलावरच्या शाईच्या पॅडचं झाकण भाऊ उघडत होता, लावत होता. घरून निघताना भावजय त्याला दारात काहीतरी सांगत होती, ते हेच असणार.

"नगं," तो म्हणाला. "बहीन हाय माझी."

मी तोंड फिरवून भिंतीवरच्या सूचना वाचायला लागले. डोळे भरले होते, अक्षरं दिसत नव्हती. मग त्यानं सह्या केल्या, मी केल्या. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली.

कागद झाला म्हणजे नाव लागलं असं नसतं. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, पंधरा दिवस कुणाची हरकत आली नाही तर नोंद होते. ते पंधरा दिवस मी माहेरी काढले. चावडीवरून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे मी संशयानं बघायची. भावजय दोन दिवस तिच्या माहेरी गेली तेव्हा मला वाटलं, ही आता तिच्या भावाला घेऊन येणार आणि हरकत घालणार. ती आली ती माझ्या मुलीसाठी शेवयांचा डबा घेऊन. तरी तिचं तोंड काही सैल झालं नाही, आणि त्यात तिची चूक होती असं मी आता म्हणणार नाही. पोस्टमनचा दिवसाआड फोन. पहिल्यांदा 'होतंय', मग 'होत आलंय', मग मी फोन मायकडे देऊन 'ती आंघोळीला गेली म्हण' सांगायला लागले. माय फोन कानाला लावून म्हणायची, "ती आंगुळीला गेली म्हनती." आता या बाईला काय करावं?

सोळाव्या दिवशी चकलांब्याच्या दाखले काढून देणाऱ्या दुकानात सातबारा काढला. छपाईयंत्रातून कागद अर्धा बाहेर आला आणि अडकला. दुकानदारानं तो ओढून काढला, माझ्या हातात दिला. भावाच्या नावाखाली माझं नाव होतं. त्यापुढे क्षेत्र. मी तिथेच उभी राहून तो कागद तीन-चारदा वाचला. दुकानदार म्हणाला, "काय चुकलं का, मॅडम?" मी म्हणाले, "नाही. बरोबर आहे."

एसटीला अजून वेळ होता. मी माळावर गेले.

त्या माळाबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही. वर बोटभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली खडक. माझ्या लहानपणी तिथे आम्ही शेरडं चारायचो, वडील उन्हाळ्यात तिथे कडबा रचायचे. ज्वारी टाकली तर गुडघ्याच्या वर येत नाही. फुकट दिला तरी कुणी घेणार नाही असा तुकडा, म्हणून तर भावानं तो दिला. मी चपला काढल्या. का काढल्या ते मला सांगता येणार नाही. खडे टोचत होते, जमीन तापली होती, मी कडेकडेनं चालत गेले आणि पावलं मोजली. हे माझं आहे, असं मी मोठ्यानं म्हणून बघितलं. कुणी ऐकलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आणि मग मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. घर मिळणार म्हणून नव्हतं ते. आठ वर्षांपूर्वी मी काय देऊन टाकलं होतं, ते मला त्या दिवशी पायाला लागलं.

घराचा कागद शाळा उघडायच्या चार दिवस आधी झाला. पुण्याचा माणूस त्याच सकाळी पोस्टमनच्या पडवीत येऊन बसला होता. पोस्टमननी त्याला चहा पाजला आणि त्याच्यासमोर छत्री घेऊन ते आमच्याबरोबर बाहेर पडले. खरेदीखतात माझ्या नावापुढे धंदा म्हणून 'शेती व नोकरी' लिहिलं होतं. बाहेर आल्यावर मी वकिलांना विचारलं, माहेरची जमीन आता परत दिली तर चालेल का.

"खुशाल द्या," ते म्हणाले. "आता इथला सातबारा आहे की तुमच्या नावावर. तिथला नसला तरी अडत नाही."

हे वाक्य मी नीट ऐकलं. माझा नवराही शेजारीच होता.

घरात राहायला आल्यावर पहिला महिना आम्ही नुसते खिळे मारत होतो. मुलीनं तिच्या खोलीत अकरा खिळे मारले. पावसात कौलं दोन ठिकाणी गळली, खाली पातेली ठेवली, आणि त्याचासुद्धा मला आनंद झाला, कारण गळणारं छप्पर माझं होतं. आता कुणी मला 'जाणारी' म्हणणार नव्हतं.

पाऊस कमी झाल्यावर भावाचा फोन आला. "आक्का, कवा येतीस? तेवढं करून टाकू."

"पोरांच्या परीक्षा आहेत रे. झाल्या की येते."

परीक्षा झाल्या. मग मी म्हणाले, निवडणुकीचं काम लागलंय. ते खरं होतं, पण दोन दिवसांचं होतं. दसऱ्याच्या आधी त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज जरा ओढलेला होता, मागे भावजय बोलत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, वकील म्हणतात तीन वर्षं नाव राहू द्यावं लागतं. आत्ता काढलं तर इथला कागद रद्द होईल."

"असं व्हय?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, "बरं. कायदा हाय तर हाय. घराला काय होऊ नये तुझ्या."

फोन ठेवल्यावर नवरा माझ्याकडे बघत होता. तो उठला आणि दुरुस्तीला आलेली पाण्याची मोटार उघडून बसला. मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. ज्या भावानं उलटा कागद नको म्हटलं त्याला मी फसवत होते. भावजयीची भीती खरी ठरली होती, गिरणीतली ती बाईसुद्धा खरी ठरली होती. रात्री झोप लागायची, पण दिवसाढवळ्या फळ्यावर लिहिताना ते आठवायचं आणि खडू थांबायचा. तरी फोन करून 'खोटं बोलले' म्हणायला माझा हात उठेना. समुद्राकाठचं घर मी विकत घेतलं होतं. तो माळ माझा जन्मापासूनचा होता, आणि आत्ता कुठे मला मिळाला होता.

भाऊबीजेला गेले नाही. भावानं कुरिअरनं साडी पाठवली.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत मायचा फोन आला. ती स्वतःहून फोन करत नाही, तिला आकडे दाबता येत नाहीत. कुणाकडून तरी लावून घेतला असणार. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती घराबाहेर येऊन बोलत होती.

"बाई, त्या वकिलानं खरंच तीन वर्सं सांगितले का?"

"हो," मी म्हणाले.

"बाई."

मैदानात पोरं ओरडत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, भावाचा तळतळाट घेऊ नको, माझं म्हातारपण त्याच्या दारात हाय. ती तसं म्हणाली असती तर मी त्याच दिवशी रजा टाकून निघाले असते, देवाशपथ.

"नाही सांगितले," मी म्हणाले. "मी खोटं बोलले, माय. चुकलं माझं. पुढच्या रविवारी येते आन देते लिहून."

"दे म्हनून मी फोन केला का?" माय एकदम खेकसली. मग तिनं आवाज खाली आणला, बहुतेक भावजय दाराशी आली असावी. "तीनच कावून सांगितले? धा तरी सांगायचे."

आणि मला काही बोलता यायच्या आत तिनं फोन कुणाच्या तरी हातात देऊन टाकला.